बोटभर ढील

सौंसर, ९ सप्टेंबर १९५६, रविवार

बोललं की भांडण होते, लिहिलं की होत नाही. म्हणून आजपासून लिहून ठेवते. दुसरीपर्यंत शिकली, तेवढी अक्षरं माझ्या रागाला पुरतात.

आज केशव येऊन गेला. माझा मोठा मुलगा, पांढुर्ण्याला मास्तर. पोळ्याची गोटमार तिकडे संपली, पण ह्याचे दगड संपले नाही. पाण्याचा गडवा हातात घेतला आणि सुरू झाला.

"माय, श्रीकांतले जाऊन वर्ष होत आलं. जीप उभ्या उभ्या सडून राहिली. पांढुर्ण्याचा एक व्यापारी नेतो म्हणते. तू माझ्याकडे चाल. रजनीले आन मीनाले तिचा भाऊ नेईल बैतुलले."

सगळ्यांना वाटून टाकलं, जशी काय आम्ही भांडी.

श्रीकांत माझा धाकटा. फौजेतली जुनी जीप त्यानं लिलावातून आणली आणि मंगळवारी-शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला माणसं नेत होता. तापानं गेला. जीप राहिली, बायको रजनी राहिली, पाच वर्षांची पोरगी मीना राहिली.

रजनी दाराच्या आडून म्हणाली, "मी चालवीन जीप."

केशव हसला. मी पण हसणारच होती, पण तो आधी हसला, मग मला हसता येईना. मी म्हटलं, "हो, चालवील."

"बाई? अन् तेही विधवा?"

"जीपले काय समजते बे, चालवणारीच्या कपाळावर कुंकू आहे का नाही?"

शेवटी ठरलं. दिवाळीपर्यंत रजनीला परवाना मिळाला तर जीप इथं, रजनी इथं. नाही मिळाला तर जीप पांढुर्ण्याला, मायलेकी बैतुलला. मी कबूल केलं. मीना रोज माझ्याजवळ झोपते आणि पोटात लाथा मारते. गेली तर झोप तरी धड लागेल.


१२ सप्टेंबर

शिकवायला गुणवंता मिळाला. मागच्या वाड्यात राहतो. लढाईत ब्रह्मदेशात ट्रक चालवत होता. आता परवाना खिशात आहे आणि डोळे मोतीबिंदूत आहेत, म्हणून स्वतः चालवत नाही. तोंड मात्र चालवते.

बोरगावच्या रस्त्याला पडीत वावर आहे, तिथं गेलो. ढकलत नेली. मी मीनाला घेऊन मागं बसली. मी नसली तर लोक बोलतील, आणि असली तरी बोलतील, मग बसूनच का नको.

गुणवंता सांगत होता, "पाहा वहिनी. इकडे इंजिन फिरते, तिकडे चाक. दोघांच्या मधात किलच. पेडल दाबलं की दोघं अलग. हळूहळू सोडलं की एका जागी दोघं जुळतात. ते जागा पायाले समजली म्हणजे मोटार आली. बाकी सगळी नौटंकी."

रजनीनं पेडल सोडलं. जीपनं बेडकासारखी उडी मारली आणि मेली. पुन्हा उडी, पुन्हा मेली. मीनाला मोठी मजा. माझी सगळी हाडं एकमेकांना भेटून आली.

रजनी बुटकी आहे. श्रीकांत ताडासारखा होता, त्याच्या पायानं पेडल तळाला जात होतं. हिचा पाय तिथवर पोचत नाही, म्हणून गेर टाकताना अशी करकर होते की दात शिवशिवतात. घरी येऊन मी बाभळीचा ठोकळा तासून घेतला आणि पेडलवर सुतळीनं आवळून बांधला. पाठीमागं माझी उशी दिली. बांधणं हे माझं काम आहे. सासरी होती तेव्हा कापसाच्या गाडीचे दोर मीच आवळत होती. माझ्या गाडीतलं एक बोंड कधी रस्त्यावर पडलं नाही. गडी सैल सोडत, मी नाही.


२३ सप्टेंबर, रविवार

चालली! जीप चालली!

उडी नाही, करकर नाही. रजनीनं पाय असा सोडला जशी दुधावरची साय काढून राहिली. वावराला चक्कर मारला, मग दुसरा मारला, मग विचारलं नाही आणि सरळ रस्त्याला लागली. गुणवंता ओरडून राहिला, "ब्रेक! वहिनी, ब्रेक!" आणि ती म्हणे, "कायले? समोर कोणी तं नाही!"

समोर बैलगाडी होती. गाडीवान उडी मारून नाल्यात गेला. बैल शहाणे, ते जागचे हलले नाही.

मी मागून रजनीला झाडलं. पण खरं लिहायचं तर छातीत असं धडधडत होतं जसं जत्रेतल्या पाळण्यात. हे तिला सांगायची गरज नाही. सुनेला कौतुक सांगितलं की स्वयंपाकात मीठ कमी पडते.


२ ऑक्टोबर

गुणवंता खबर घेऊन आला. छिंदवाड्याला परवान्याची परीक्षा घेणारा मोटारसाहेब आहे, तो नागपूरचा. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नागपूर मुंबई राज्यात चाललं, आपण भोपाळकडे. साहेबानं म्हणे नागपूरची बदली मागून घेतली. महिना संपला की चालला. नवा कधी येईल, कोण येईल, कोणाला माहीत नाही.

केशवचं पण तेच चालू आहे, आपण कुठले, आपली भाषा कुठली, सभा आणि अर्ज. मी विचारलं, "माझी चूल कोणत्या राज्यात आहे?" म्हणे, "माय, तुले समजत नाही." समजते मला. साहेब जायच्या आत रजनी पास झाली पाहिजे, एवढं समजते. ३० तारीख मिळाली.


१३ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी

आज अवजारांची पूजा. विळा, कुऱ्हाड, पावशी, सगळं घासलं, तेल लावलं. मग जीप धुतली. घरात दोन्ही विधवा, कुंकू कोण लावेल? मीनाला उचललं आणि तिच्या बोटानं लावून घेतलं. तिनं दिव्याला लावलं, चाकाला लावलं, गुणवंताच्या टकलाला पण लावलं.

रजनी झेंडूचे हार ओवायला घरात गेली तेव्हा मी आतून पुसून घेत होती. हात किलचच्या पेडलवर पडला. पाहते तं काय, पेडल पहिले बोटभर नुसतंच हलते, मग कुठं लागते! गाडीच्या खिळ्यासारखं डुगडुग. इतके दिवस कोणाच्या ध्यानात नाही. श्रीकांत तसाच होता, देव त्याचं भलं करो, काम कधी पुरं करत नव्हता. अन् गुणवंताला दिसतच नाही.

पाना घेतला, पदर खोचला, खाली शिरली. पेडलपासून एक सळई मागं जाते, तिच्या टोकाला नट. चिखल खरवडला आणि आवळला. पेडल ताठ होईस्तोवर आवळला. आता बोट लावलं की लगेच लागते, जरा हलत नाही. अशी असते वस्तू.

कोणाला सांगितलं नाही. घरातलं काम, त्यात सांगायचं काय.


१६ ऑक्टोबर

रजनीचं आज ध्यान नव्हतं. म्हणे, "भाऊजी, पेडल लई वरती पकडून राहिलं. पाय पुरा वर येईस्तोवर गाडी हलतच नाही."

गुणवंता म्हणे, "तुमची सवय बिघडली वहिनी. पाय पेडलवर टेकवून ठेवता तुम्ही. नवे ड्रायव्हर सगळे करतात."

"नाही टेकवत जी."

"मग इंजिन कायले बोंबलून राहिलं?"

खरंच, इंजिन ओरडते आणि चाकं ऐकत नाही. मी पण दटावलं. दसऱ्याला पेडल एवढं ताठ झालं आणि हिला पाय टेकवायची हौस.


२० ऑक्टोबर, शनिवार

जामसांवलीला गेलो, सरावही होईल आणि दर्शनही. देव तिथं निजून आहे, तरी लोकांची एवढी कामं करते. आमचा केशव उभा राहून काही करत नाही.

जाताना ठीक. येताना नदीच्या चढावर जळका वास आला, जशी कोणी चप्पल चुलीत घातली. गुणवंता ओरडला, "पाय काढा! किलचची चकती जळून राहिली!" रजनी म्हणाली, "काढला आहे!" तो म्हणे काढा, ती म्हणे काढला. देवळातून येणारी दोन माणसं थांबून ऐकत होती. मी म्हटलं, "पुढं चला, इथं प्रसाद नाही भेटत."

घरी रजनी जेवली नाही. भांडी घासता घासता म्हणाली, "आत्याबाई, जीपमध्ये काहीतरी बदललं. दसऱ्याच्या आधी अशी नव्हती."

मी म्हटलं, "नाचता आलं नाही की अंगणाले दोष देऊ नये."

आता वाटते, हे बोलली नसती तर बरं. पण बोलली.


२६ ऑक्टोबर

बैतुलहून रजनीचा भाऊ पत्र न पाठवता सरळ आला. चहा प्याला, मीनाला फुगा दिला, म्हणे खोली साफ करून ठेवली आहे. मीना म्हणे, "आजी पण येईल?" तो इकडंतिकडं पाहू लागला. मी म्हटलं, "आजीले लई काम आहे." फुगा संध्याकाळी फुटला. त्या फुग्यासाठी एवढी रडली की मलाच तिला घेऊन ओट्यावर बसावं लागलं. माझं बसायचं मन होतंच.


३० ऑक्टोबर, मंगळवार

हात अजून काळे आहेत, राखेनं घासले तरी. पण आजचं आजच लिहीन, नाही तर केशव पांढुर्ण्याला जाऊन आपल्या मनानं सांगेल.

सकाळीच निघालो. माझ्या फडताळातला पाना गुणवंतानं मागून घेतला, वाटेत लागला तर. रजनी चालवायला, बाजूला गुणवंता, मागं मी, मीना आणि केशव. केशवला छिंदवाड्याच्या कचेरीत काम होतं म्हणे. मला माहीत आहे काय काम. हरलेलं पाहायचं काम.

सपाटीवर जीप बरी चालली. मग सिल्लेवानीचा घाट लागला. पहिल्या वळणावर इंजिन जोरात ओरडलं आणि जीप हळू झाली. रजनीनं रेस दिली, आणखी ओरडलं, जीप आणखी हळू. वास सुटला. दुसऱ्या वळणावर जीप उभी राहिली. इंजिन गरगर फिरून राहिलं आणि आम्ही जागच्या जागी. मग हळूच मागं यायला लागली. मागं दरी.

केशव ओरडला, "पाय काढ रजनी! पाय काढ!"

गुणवंता ओरडला, "किलच सोडा!"

रजनी ओरडली, "सोडला आहे! सोडला आहे!"

मला राग आला. म्हटलं आज डोळ्यांनी पाहीन आणि सगळ्यांसमोर सांगीन. दोन सीटच्या मधून पालथी झाली, डोकं खाली घातलं, तिच्या पायाशी.

पाहते तं तिचा उजवा पाय ब्रेकवर गच्च, आणि डावा पाय खाली पत्र्यावर. पेडलपासून वीतभर दूर. अनवाणी, पाचही बोटं आखडलेली. ठोकळ्याला नखसुद्धा लागत नव्हतं.

तशीच पालथी पडून मी हातानं पेडल दाबून पाहिलं. एवढुसाही हलकावा नाही. दगडासारखं. खंडेनवमीला केलं तसंच्या तसं.

मी म्हटलं, "इंजिन बंद कर. चाकाले गोटे लाव बे केशव. पाना दे गुणवंता."

केशव म्हणे, "पाना कायले?"

"डोक्यात घालायले. दे."

गोटे लावले. मी पदर खोचला, कासोटा आवळला आणि खाली शिरली. वरून संत्र्याची एक गाडी आली, थांबली. केशव म्हणे, "माय, लोक पाहून राहिले!"

"पाहू दे. तू पण पाह्य, फुकट आहे."

सळई तापलेली होती. मी नट धरला आणि उलटा फिरवला.

केशव बसून वाकला. "तुले कसं माहीत कोणता नट?"

मी खालून म्हटलं, "सगळे नट सारखेच दिसतात."

वरून रजनी एकदम म्हणाली, हळू, "आत्याबाई, मी पेडल दाबून सांगते. तुम्ही फिरवा."

ती दाबे, मी फिरवी. ती म्हणे, "आणखी." मी फिरवी. "आणखी थोडं." एकदा जास्त सैल झालं, गुणवंतानं इंजिन लावून गेर टाकून पाहिला, करकर. पुन्हा थोडं आवळलं. तिच्या पायाला कळत होतं आणि माझ्या हाताला, मधात नुसता पत्रा.

"आता इथं पकडते, आत्याबाई. बरोबर मधात. बस."

मी बाजूनं हात वर घालून पेडल हलवून पाहिलं. पुन्हा तेच, पहिले बोटभर नुसतं हलते. मला राहवेना. म्हटलं, "एवढी ढील राहिली वो. एक फेरा आवळते."

"नका आवळू."

"कायले? डुगडुग करते."

"करू द्या. पुरं ताठ केलं तं आतली चकती धडपणे बसतच नाही, अधांतरी घासत राहते. म्हणून जळून राहिली होती. थोडी जागा ठेवा, आत्याबाई."

लग्न होऊन आली तेव्हापासून ही मला पहिल्यांदा नका म्हणाली. मी नट सोडला. तो पुन्हा फिरू नये म्हणून त्याच्या मागचा दुसरा नट घट्ट केला आणि बाहेर आली.

गुणवंता म्हणाला, "मी तं पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, ढील पाहा."

मी म्हटलं, "तू म्हणत होता पाय काढा."

किलच थंड होईस्तोवर थांबलो. संत्रेवाल्यानं मीनाला दोन संत्री दिली. मी नट कसा फिरला ते सगळ्यांना समजावलं, की रस्ते खराब आहेत, हादऱ्यानं आपोआप आवळला गेला. केशव म्हणे, "हादऱ्यानं नट सैल होतात माय, आवळले नाही जात." मास्तर आहे, त्याला वाद पाहिजे.

रजनी सीटवर नीट बसली. गोटे काढायला सांगितले, पाय सोडला, आणि जीप अशी उचलली की केशवची टोपी मागच्या वळणावर राहिली. घाट चढलो! एका दमात चढलो! मीना टाळ्या पिटून राहिली, मी पण पिटल्या, केशवला दिसल्या तर दिसल्या.

मोटारसाहेब जाड चष्म्याचा, सामान बांधायच्या घाईत. बाई पाहून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. कचेरीमागं चढाव आहे, तिथं जीप अर्ध्यावर उभी करायला लावली आणि चाकाच्या मागं आपला चहाचा कप ठेवला. म्हणे, "आता उचला. कप फुटला तर नापास."

केशवनं माझा हात धरला, मी सोडवला नाही.

रजनीनं डावा पाय वर आणला, वर आणला, एका जागी थांबवला. जीप जरा थरथरली, जशी गाय उठायच्या आधी थरथरते. मग ब्रेक सुटला आणि जीप पुढं गेली. मागं एक इंचही नाही.

साहेबानं कप उचलला, चहा तसाच भरलेला. एक घोट घेतला आणि म्हणाला, "पास."

येताना घाट उतरताना केशव म्हणाला, "व्यापाऱ्याले नाही म्हणून सांगतो." मी म्हटलं, "टोपी पाह्य तुझी, त्या वळणावर असेल." होती तिथंच. काट्यात अडकून.


१ नोव्हेंबर, गुरुवार

रात्री झोपलो एका राज्यात, उठलो दुसऱ्यात. सकाळी शाळेच्या पोरांनी घोषणा दिल्या, कोणी पेढे वाटले, कोणी तोंड पाडून बसलं. पेढे वाटणाऱ्याकडचा पण खाल्ला, तोंड पाडणाऱ्याकडं चहा घेतला. दिवाळीचं फराळ दोन्ही राज्यांत तेच.

गुणवंता दारासमोर लोकांना घाट सांगून राहिला. त्याच्या सांगण्यात आता पान्यावर त्याचा हात आहे.

दुपारी पाहते तं रजनी जीपखाली, नुसते पाय बाहेर. हातात माझी पानाच्या चुन्याची डबी.

मी विचारलं, "हे काय चाललं?"

"निशाण लावून राहिली, आत्याबाई." नटावरून सळईवर चुन्याची बारीक रेघ ओढली होती. "नट आपोआप फिरला तं रेघ तुटेल. लगेच समजते."

"आपोआप?"

"रस्ते लई खराब आहेत नं जी."

चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. हसली असती तर झाडता तरी आलं असतं. डबी परत दिली, हात पुसले, आणि पाना उचलून आपल्या सीटखाली ठेवला. इतके दिवस तो माझ्या फडताळात असे. मी मागितला नाही.

मीना आज पण पोटाशी येऊन झोपली आहे, एक लाथ आत्ताच बसली. परवा शनिवार, जामसांवलीची पहिली फेरी. बोरगावच्या चार बाया सांगून गेल्या, त्या येणार म्हणजे येणारच, बाई चालवते हे पाहायला. मी मागच्या सीटवर बसीन आणि नीट लक्ष ठेवीन. रस्त्यावर.